पडक्या हवेलीचे वारस

हिंदी चित्रपटाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी भयपटाला नेहमी ओसरीवरच बसवले, माजघरात कधी घेतले नाही. सामाजिक चित्रपटांवर ग्रंथ निघाले, संगीतपटांवर निघाले, 'चौदहवीं का चाँद' (१९६०) आणि 'मेरे मेहबूब' (१९६३) यांसारख्या मुस्लिम घरांवरच्या चित्रपटांवरही विद्यापीठांतून चर्चासत्रे झाली. भुताखेतांच्या चित्रपटांची मात्र एखाद्या परिच्छेदात बोळवण होते. तीही थट्टेच्या सुरात. मुखवटे, धूर, करकरणारे दार, पांढऱ्या साडीतील बाई हातात मेणबत्ती घेऊन चालली आहे, एवढे सांगितले की लेखकाचे काम संपते.

गेल्या काही वर्षांत जुने चित्रपट जतन करण्याविषयी बरेच बोलले जाऊ लागले, ही चांगली गोष्ट आहे. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१४ मध्ये स्थापन केलेल्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने 'मंथन'ची नवी प्रत तयार केली आणि ती २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. २०२५ मध्ये 'शोले' मूळ शेवटासह इटलीतील बोलोन्या येथे झळकला. त्याच वर्षी गुरुदत्त यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने त्यांचे चित्रपट स्वच्छ होऊन पुन्हा चित्रपटगृहांत आले. गाजावाजा झालेल्या या नावांत भयपट शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. घरी जपून ठेवावी, पुढच्या पिढीला दाखवावी, सोबत माहितीची पुस्तिका असावी, अशी 'महल' किंवा 'पुराना मंदिर'ची प्रत आपल्या देशात कोणी काढली नाही. हे काम व्हायला हवे, असे आम्हाला वाटते. आमचे कारण केवळ करमणुकीचे नाही. हिंदी भयपटाच्या केंद्रस्थानी एक रिकामे घर आहे, आणि ते घर रिकामे का झाले हे सांगणारी पुस्तके आपल्याकडे फार थोडी आहेत.

'महल' १९४९ च्या ऑक्टोबरात आला. बॉम्बे टॉकीजचा चित्रपट, नायक अशोककुमार, नायिका मधुबाला, म्हणजे दिल्लीची मुमताज जहाँ बेगम. लेखन आणि दिग्दर्शन कमाल अमरोही यांचे. दिग्दर्शक म्हणून त्यांचा हा पहिलाच चित्रपट. 'पुकार' (१९३९) चे लेखक म्हणून त्यांचे नाव त्याआधीच झाले होते. कॅमेरा जर्मनीहून आलेल्या जोसेफ विर्शिंग यांचा, संकलन बिमल रॉय यांचे. अलाहाबादेतील एक ओसाड महाल, त्यात राहायला आलेला नवा मालक, भिंतीवर हुबेहूब त्याच्याच चेहऱ्याची जुनी तसबीर आणि रात्री बागेत झोका घेणारी एक स्त्री. गोष्ट एवढीच. चित्रपट शेवटी भूत खरे नाही असे सांगतो, पण तोवर प्रेक्षकाच्या मनात जे शिरायचे ते शिरलेले असते.

हा चित्रपट बहुधा पुनर्जन्माची प्रेमकथा म्हणून वाचला जातो. आम्ही त्याचे साल पाहतो. फाळणीला दोन वर्षे झाली होती. उत्तर हिंदुस्थानातल्या शहरांमधून असंख्य घरांना कुलपे लागली होती आणि त्या कुलपांवर सरकारी मोहोर बसत होती. निर्वासितांनी मागे टाकलेल्या मालमत्तेचा केंद्रीय कायदा १९५० मध्ये आला. त्याआधी वटहुकमांवर काम चालले होते. कोणाचे घर कोणाला मिळाले, जुना मालक परतला तर काय करायचे, हा त्या वर्षांतला रोजचा प्रश्न होता. खुद्द अमरोही यांच्या घरात तो होता. त्यांचे चुलतभाऊ रईस अमरोहवी १९४७ मध्येच कराचीला गेले. धाकटे जौन एलिया मागे राहिले आणि १९५७ मध्ये तेही गेले. 'महल'ची गाणी लिहिणारे नक्शब जारचवी पुढे पाकिस्तानात स्थायिक झाले. अशा काळात अमरोह्याचा एक माणूस नव्या मालकाची आणि जुन्या मालकाच्या तसबिरीची गोष्ट रचतो. चित्रपटात फाळणीचा उच्चारही नाही. तो नाही म्हणूनच ती गोष्ट आम्हाला खरी वाटते. ज्या विषयावर उघड बोलणे अवघड असते तो भुताच्या तोंडून बोलतो.

आपल्याकडे महाराष्ट्रात हे काही परके नव्हते. सिन्नरहून पूर्वेला निघावे, येवला ओलांडले की वैजापूर लागते. १९४८ पर्यंत तिथे निजामाचे राज्य होते. त्या सप्टेंबरातील पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यातील कितीतरी गावांतून मुसलमान कुटुंबे उठली. काही परतली, काही परतली नाहीत. पडके वाडे राहिले. अशा वाड्याजवळून रात्री जाऊ नये, असे मुलांना सांगितले जाई. वाडा कोणाचा होता हे मात्र कोणी सांगत नसे.

विर्शिंग यांचे काम पाहिल्यावर चांगल्या प्रतीचे महत्त्व कळते. 'महल' हा जवळजवळ पूर्ण अंधाराचा चित्रपट आहे. खांबाच्या सावलीत आणखी एक सावली, झुंबराचा हलणारा प्रकाश, पाण्यावरची नाव. आज सहज हाती लागणाऱ्या प्रतींमध्ये या अंधाराची राख झालेली आहे. काळ्याच्या ठिकाणी करडे दिसते, मधुबालेचा चेहरा पांढऱ्या डागासारखा येतो. अशी प्रत पाहून तरुण पोरे हसतात आणि त्यांना दोष देता येत नाही. याच विर्शिंग यांनी पुढे अमरोहींसाठी 'पाकीजा'चे चित्रण केले. १९६७ मध्ये ते वारले आणि चित्रपट १९७२ मध्ये आला. 'पाकीजा'चे रंग आपल्याला ठाऊक आहेत. त्याच माणसाचा काळोख आपण नीट पाहिलेलाच नाही.

गाण्याची कथा अनेकांना माहीत आहे, तरी सांगतो. 'महल'च्या सुप्रसिद्ध गाण्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव 'कामिनी' असे छापले होते, म्हणजे चित्रपटातील पात्राचे. रेडिओवर ते वाजले, ऐकणाऱ्यांनी विचारणा सुरू केली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव पुढे आले. संगीत खेमचंद प्रकाश यांचे. पार्श्वगायिकेला नाव नसणे ही त्या काळची रीतच होती. पण भुताच्या गाण्याला गाणारीच नसावी, हा योगायोग अमरोहींना आवडला असेल.

सिन्नर हे विड्यांचे गाव. आता माळेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहतींनी त्याचा चेहरा बदलला, तरी जुनी ओळख तीच. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली पाने, बोटे चालू आणि कान रेडिओकडे. विड्या वळणाऱ्या बायकांना घरची कामे उरकून दिवसाचा हिशोब पुरा करायचा असे; चित्रपटगृहात जाऊन तीन तास बसणे परवडण्यासारखे नव्हते, आणि आपल्या मोहल्ल्यात ते सर्वांना मंजूरही नव्हते. त्यामुळे साठच्या दशकातले भयपट इथे आधी कानांनी पाहिले गेले. 'बीस साल बाद' (१९६२), 'वो कौन थी' (१९६४), 'कोहरा' (१९६४), 'गुमनाम' (१९६५). चारही चित्रपटांची गाणी घरोघर पोहोचली, चित्रपट त्यामानाने थोड्यांनी पाहिले. भुताची चाल ठाऊक, भुताचे तोंड ठाऊक नाही, अशी ही गंमत. कित्येक म्हाताऱ्या आया अजून ते सूर गुणगुणतात आणि हे कोणत्या सिनेमातले असे विचारले तर मान हलवतात.

ही गाणी लिहिली कोणी? 'बीस साल बाद'ची शकील बदायुनी यांनी, 'कोहरा'ची कैफी आझमी यांनी, 'वो कौन थी'ची राजा मेहदी अली खाँ यांनी. शकील यांना आणि लताबाईंना 'बीस साल बाद'च्या एकाच गाण्यासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. विरह, वाट पाहणे, न येणारा माणूस आणि विझत आलेला दिवा हे उर्दू गझलेचे नेहमीचे सामान. भयपटाने ते जसेच्या तसे उचलले. फक्त वाट पाहणारी आता जिवंत नाही, एवढाच फरक केला. हिंदी चित्रपटातील भूत गाते याचे परक्यांना नवल वाटते. आम्हाला वाटत नाही. गझलेतला आशिक तरी कुठे धड जिवंत असतो!

'बीस साल बाद' आणि 'कोहरा' दोन्ही बीरेन नाग यांचे. 'प्यासा' आणि 'साहिब बीबी और गुलाम' यांचे कलादिग्दर्शन करणारा हा माणूस. त्यामुळे त्याच्या चित्रपटांत जिना, दिवाणखाना आणि खिडक्या याच मुख्य भूमिका करतात. दोन्हींत वहीदा रहमान आहेत. 'बीस साल बाद'चे मूळ शेरलॉक होम्सच्या बास्करव्हिलच्या कुत्र्यात, 'कोहरा'चे दाफ्ने द्यू मोरिए यांच्या 'रेबेका'त. 'कोहरा'तील दाईमाँ ललिता पवार यांनी केली आहे. मराठी माणसाने ती एकदा पाहावी. त्यांच्या खाष्ट सासवा सर्वांच्या लक्षात आहेत, पण इथे त्या आवाज न चढवता, नुसत्या दारात उभ्या राहून घाबरवतात. 'गुमनाम'चे दिग्दर्शक राजा नवाथे. त्यातील सुरुवातीचे महंमद रफींचे नाचाचे गाणे २००१ मध्ये 'घोस्ट वर्ल्ड' या अमेरिकन चित्रपटात वापरले गेले आणि तिकडच्या तरुणांनी ते डोक्यावर घेतले. आपल्या भयपटाची किंमत परदेशात आधी कळते, याचे हे पहिले उदाहरण नव्हे आणि शेवटचेही नव्हे.

मराठीत या वाटेने फार कोणी गेले नाही. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) भुताचा नाही, पण मेलेली बायको समोर उभी राहिल्याची भीती त्यात आहे. राज खोसला यांनी त्यावरून 'मेरा साया' (१९६६) केला. वसंत जोगळेकर यांचा 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) मात्र थेट वाड्यात नेतो. आशा काळे यांची भेदरलेली नायिका आणि डॉ. काशिनाथ घाणेकर. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे, गीते सुधीर मोघे यांची, आणि 'बीस साल बाद'चे निर्माते-संगीतकार हेमंतकुमार इथे मराठीत गायले आहेत. नाशिक आकाशवाणीवर या चित्रपटाची गाणी ऐकलेल्यांना चित्रपट भयाचा आहे हे सांगूनही पटत नाही.

आता रामसे. इथे नाके मुरडली जातील, याची आम्हाला कल्पना आहे.

फतेहचंद रामसिंघानी हे कराचीचे सिंधी. तिथे त्यांचे रेडिओचे दुकान होते. इंग्रज गिऱ्हाइकांच्या तोंडात आडनाव बसेना म्हणून रामसिंघानीचे 'रामसे' झाले, अशी कुटुंबाची आठवण. फाळणीत सारे सोडून मुंबईला आले, लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान मांडले आणि चित्रपट काढू लागले. त्यांच्या 'रुस्तम सोहराब' (१९६३) आणि 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' (१९७०) या चित्रपटांचे दिग्दर्शक होते विश्राम बेडेकर. होय, 'रणांगण'कार बेडेकर, ज्यांच्या कादंबरीत देश सुटलेली माणसे बोटीवर भेटतात. दुसरा चित्रपट चालला नाही. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा घालून चोरी करतात, तो प्रसंग पाहायला लोक थिएटरात थांबतात, हे मुलांच्या नजरेला आले. सात भाऊ होते. कुमार यांनी लेखन, गंगू यांनी कॅमेरा, केशू यांनी त्यांना साथ, किरण यांनी ध्वनी, अर्जुन यांनी संकलन आणि तुलसी व श्याम यांनी दिग्दर्शन अशी कामे वाटून घेतली. एखाद्या विणकराच्या घरात एक सूत भरतो, एक माग चालवतो, तसा हा कारखाना होता. महाबळेश्वरला मुक्काम ठोकून त्यांनी 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) केला.

या नावापाशी आम्ही थांबतो. 'दो गज जमीन' हे शब्द बहादूरशहा जफर यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या गझलेतले. शेवटचा मोगल बादशहा १८६२ मध्ये रंगूनला कैदेत वारला आणि मायदेशात कबरीपुरतीही जागा मिळाली नाही, हे त्या शब्दांमागचे दुःख. कराचीतून उखडलेल्या सिंधी कुटुंबाने आपल्या पहिल्या भयपटाला तेच शब्द निवडले. व्यापारी डोक्याने निवडले असतील. कानाला ओळखीचे वाटावे म्हणून. तरीही 'महल' आणि 'दो गज जमीन' शेजारी ठेवले की दिसते ते असे: ज्याचे आप्त इकडून तिकडे गेले तो अमरोही आणि जे तिकडून इकडे आले ते रामसे, दोघेही तीच गोष्ट सांगतात. एक वास्तू आहे, तिच्यावर नव्याचा ताबा आहे आणि जुना हक्कदार जमिनीखालून हलतो आहे. हे सारे ठरवून झाले असा आमचा दावा नाही. ठरवून झाले असते तर इतके पटले नसते.

वास्तूही खऱ्या होत्या. मुरूडला समुद्राकडे तोंड करून जंजिऱ्याच्या नवाबांचा राजवाडा उभा आहे. सिद्दींचे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. त्या राजवाड्यात रामसेंनी एकाहून अधिक चित्रपटांचे चित्रण केले. कोकणातील आपल्या वाचकांना तो राजवाडा इतिहास म्हणून ठाऊक आहे; उरलेल्या देशाला भुताची हवेली म्हणून. त्याच्या कमानी, त्याचे जिने, ऐंशीच्या दशकातली त्याची अवस्था, हे सारे त्या फितींवर नोंदले गेले आहे. वास्तुशास्त्राच्या अभ्यासकाने उद्या ते पाहायचे म्हटले तर त्याला रामसेंकडेच जावे लागेल. ही विनोदाची गोष्ट वाटेल, पण खरी आहे.

एक तक्रार मात्र नोंदवली पाहिजे. भयपटाने कब्रस्तानाचा फार गैरवापर केला. प्रेत उठून यायचे तर ते पुरलेले हवे, जाळलेले चालत नाही. म्हणून ठाकुरांची, पंडितांची प्रेतेही पडद्यावर पुरली गेली आणि धुके, घुबड, वाकडी झाडे यांच्यामध्ये कबरी मांडल्या गेल्या. आपण जुमेरातीला जिथे फातेहा पढायला जातो, शबे-बरातला जिथे दिवे लावतो, ती जागा शेजाऱ्यांच्या मुलांनी प्रथम पाहिली ती अशी. रामसेंच्या चित्रपटांत दुष्ट बहुधा तांत्रिक किंवा सैतान असतो, मुसलमान नसतो, हे मान्य. तरीही दफन म्हणजे काहीतरी अघोर, हा समज पसरायला या चित्रपटांनी हातभार लावला. कबर ही शांततेची जागा आहे, हे हिंदी भयपटाला कधी कळले नाही. आम्ही हे सांगतो ते चित्रपट लपवावेत म्हणून नव्हे. नीट प्रत निघावी, सोबतच्या पुस्तिकेत कोणीतरी हे लिहावे, म्हणून सांगतो.

'पुराना मंदिर' (१९८४) हा रामसेंचा सर्वांत गाजलेला चित्रपट. मोहनीश बहल, आरती गुप्ता, पुनीत इस्सर. सामरी या राक्षसाच्या भूमिकेत उंचेपुरे अजय अगरवाल, शिक्षणाने अभियंते. त्यांना मुखवटा फारसा लावावा लागला नाही, चेहराच पुरेसा होता. सदाशिव अमरापूरकर आहेत, ललिता पवार आहेत, आणि जगदीप 'शोले'च्या गब्बरची नक्कल करणारा मच्छरसिंग आहेत. 'शोले'च्या प्रतीसाठी जगभर शोध झाला. त्याची थट्टा करणाऱ्याच्या प्रतीसाठी कोणी जिना उतरून तळघरात गेले नाही.

छोट्या गावांत या चित्रपटांचे खरे दिवस आले ते व्हिडिओमुळे. रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने आणायचा, चार घरांनी वर्गणी काढायची, तीन कॅसेटी. पहिली सामाजिक, बायकांसाठी, दुसरी मारामारीची, तिसरी मध्यरात्रीनंतर, रामसेंची. लहानांनी झोपायचे असे ठरलेले असे आणि गोधडीखालून सगळे पाहत असत. आमच्याच जिल्ह्यात मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद राहतात, त्या दिवशी सिनेमाला होणारी गर्दी सर्वश्रुत आहे. तिथल्याच शेख नासिर यांनी २००० मध्ये 'मालेगाव के शोले' करून दाखवला. कामगारांच्या गावांनी या सिनेमावर जीव लावला. पण त्यांच्या वाट्याला आली ती कशी प्रत? कॅसेटची कॅसेट, तिची आणखी कॅसेट. मागून सीडी आल्या. दोन तबकड्यांत बसवण्यासाठी दृश्ये कापलेली, कोपऱ्यात विक्रेत्याचे बोधचिन्ह. सेन्सॉरने कापले ते वेगळेच. रामसेंचा एखादा चित्रपट पूर्ण पाहिला आहे असे खात्रीने म्हणता येईल असा प्रेक्षक सापडणे कठीण.

मुळात जतनाची आपली रीतच विचित्र. चित्रपट या देशात सुरू केला तो त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या आणि नाशकात वारलेल्या दादासाहेब फाळक्यांनी. त्यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) चा आज काही भागच शिल्लक आहे. सुमारे १३०० मूकपटांपैकी जेमतेम तीसेक उरले. पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) पूर्ण गेला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर निर्माते आर्देशीर इराणींच्या घरी पोहोचले तेव्हा उरलेली रिळे चांदी काढण्यासाठी विकली गेल्याचे त्यांना मुलाकडून कळले. फितीवरच्या रसायनात चांदी असते. चित्रपट उतरला की भंगारवाल्याला तीच दिसते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फितींच्या कोठारास आग लागली आणि प्रभातसह जुन्या कंपन्यांचा मोठा ठेवा जळाला. संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, २०२२ मध्ये ते चित्रपट विकास महामंडळात विलीन केले गेले. पण प्रत्येक निर्मात्याने एक प्रत तिथे ठेवलीच पाहिजे असे बंधन आपल्याकडे नाही. मान्यवर चित्रपटांची ही गत, तर भयपटांना कोण विचारतो?

परदेशातल्यांनी विचारले. लाहोरला १९६७ मध्ये ख्वाजा सरफराज यांनी 'जिंदा लाश' केला होता; अमरत्वाचा अर्क पिऊन रक्तपिपासू झालेल्या प्राध्यापक तबानीची गोष्ट, रेहान यांनी ती भूमिका केली. कित्येक वर्षे तो कोणी पाहिला नव्हता. पीट टॉम्ब्स यांच्या माँडो मकाब्रो या कंपनीने तो २००३ मध्ये डीव्हीडीवर आणला, जाणकारांच्या टिपणीसह. याच कंपनीने 'पुराना मंदिर', 'बंद दरवाजा', 'वीराना', 'पुरानी हवेली' हे रामसेंचे चित्रपट काढले, पुढे ब्लू-रेवरही आणले. सिन्नरच्या गोधडीतून पाहिलेला चित्रपट आता न्यूयॉर्कचा माणूस इंग्रजी उपशीर्षके वाचत स्वच्छ पाहतो. त्याबद्दल आकस नाही, उलट आभारच मानले पाहिजेत. पण त्या उपशीर्षकांत आणि पुस्तिकांत वैजापूरचा वाडा येणार नाही, जफर आले तरी तळटीपेतच येतील.

अमेरिकेतही भयपटाला आधी मान नव्हताच. जॉर्ज रोमेरो यांनी पिट्सबर्गजवळ १९६८ मध्ये मोजक्या पैशांत 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' केला. नाव बदलताना पडद्यावर हक्काची सूचना छापायची राहिली, त्यामुळे चित्रपट कोणाच्याच मालकीचा उरला नाही आणि भिकार प्रती सर्वत्र फिरल्या. त्यात कृष्णवर्णीय नायक रात्रभर भुतांशी झुंजून वाचतो आणि सकाळी मदतीला आलेल्या गोऱ्यांच्या गोळीने मरतो. त्या देशाने १९९९ मध्ये हा चित्रपट राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदवला. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने तो दुरुस्त केला आणि २०१८ मध्ये सत्यजित राय यांचे चित्रपट काढणाऱ्या क्रायटेरियन या कंपनीनेच तो सन्मानाने बाजारात आणला. अल्पसंख्याकाची भीती त्या काळच्या गंभीर चित्रपटांपेक्षा या स्वस्त चित्रपटात जास्त नोंदली गेली आहे, हे त्यांना पटले.

आम्ही मागतो ते फार नाही. 'महल'च्या जितक्या प्रती देशात-परदेशात असतील त्या एकत्र तपासून एक चांगली करावी. 'कोहरा' आणि 'वो कौन थी' यांचे कृष्णधवल चित्रण पुन्हा दिसावे. 'वो कौन थी'साठी के. एच. कापडिया यांना छायाचित्रणाचा फिल्मफेअर मिळाला होता, ते का मिळाले हे कळावे. 'हा खेळ सावल्यांचा'ला मराठी संस्थेने हात घालावा. रामसेंच्या कापलेल्या दृश्यांचा शोध व्हावा. तुलसी रामसे २०१८ मध्ये गेले, श्याम २०१९ मध्ये, गंगू २०२४ मध्ये. ज्यांनी धूर सोडला, मुखवटे चिकटवले, रात्री दिवे धरले ते कामगार अजून कुठेतरी असतील, त्यांना बोलते करावे. आणि सुरुवातीची नामावली कापू नये. त्या काळी चित्रपटाचे नाव पडद्यावर इंग्रजी, देवनागरी आणि उर्दू अशा तीन लिप्यांत येत असे. घाईच्या प्रतींत पहिला बळी तिचाच जातो.

काही काम वाचकांच्याही हातचे आहे. भुसावळ आणि अमरावती ही एके काळी वितरकांची मोठी ठाणी होती. तिथल्या गोदामांत, गावोगावच्या बंद पडलेल्या टॉकीजच्या माळ्यावर, उरुसात आणि जत्रेत तंबू लावणाऱ्यांच्या घरी अजून पत्र्याचे गोल डबे असण्याचा संभव आहे. गाण्यांच्या जुन्या चोपड्या, भित्तिपत्रके, काचेच्या जाहिरातपट्ट्याही असतील. भंगारात देऊ नका. डबा उघडल्यावर सिरक्यासारखा आंबट वास आला तर फीत कुजू लागली आहे असे समजावे. ती उन्हात वाळवू नये, पुसू नये, गार आणि कोरड्या जागी वेगळी ठेवावी. फार जुनी, १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची असेल तर चुलीपासून आणि विडीपासून दूर, कारण ती भडकन पेटते. डब्यावर चिकटवलेला कागद फाडू नका, त्यावर चित्रपटाचे नाव आणि रिळाचा क्रमांक असतो. मग पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावरच्या संग्रहालयाला एक पत्र टाका.